धुराड्याचा वरचा पाईप

आमच्या वरच्या खोलीची खिडकी आणि भट्टीच्या धुराड्याचं तोंड एकाच उंचीवर आहे. हे खोली बांधून, फरशी बसवून, रंग देऊन झाल्यावर लक्षात आलं. गवंड्याला विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं तुमाला ठावं असंल." आम्हाला वाटलं होतं त्याला ठाऊक असेल. खोली लेकीसाठी बांधली होती. लग्न होऊन ती धाराशिवला गेली त्याच वर्षी, माहेरपणाला आली की वर हवेशीर राहील म्हणून. आमच्याकडे खव्याच्या धंद्यातला माणूस घर बांधतो ते भट्टीला चिकटूनच. घरातून कढईवर नजर राहते, दुधाच्या किटल्या दारात उतरतात. घर जरा लांब बांधावं हे कुणाच्या डोक्यात येत नाही, आमच्याही आलं नाही. त्यामुळे आमच्या गल्लीत जेवढ्या नव्या माड्या झाल्या, त्या सगळ्यांची एकेक भिंत काळी आहे.

गेल्या श्रावणात लेकीचा फोन आला. सातवा लागला की येते म्हणाली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात ठरलेलंच असतं, त्यात विचारायचं काही नसतं. पण ती पुढे म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, धुरात राहायचं न्हाय. मला लहानपणी दम लागायचा ते त्यांना सांगितलं मी." मग थोडं थांबून, "आई, आपल्याकडं धूर तर असतोच गं."

"तू ये. बघते मी," असं मी म्हणाले. काय बघणार होते ते त्या वेळी मला ठाऊक नव्हतं. लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या घरात व्हावं, एवढंच मला हवं होतं. त्याआधी कित्येक वर्षं मला असं काही हवंसं वाटलं नव्हतं. सकाळी उठायचं, दूध ओतायचं, उलथणं हातात घ्यायचं, दूध आटेपर्यंत हलवत राहायचं. हातांना आता चटकाही जाणवत नाही. लोकांना वाटतं मी खमकी आहे. खमकी वगैरे काही नाही, मला बऱ्याच गोष्टींचं काही वाटेनासं झालं आहे एवढंच.

मी या घरात आले तेव्हा भट्टी नव्हती. भूम तालुक्यात, ईटच्या अलीकडे आमचं गाव, खडकाळ रान, दोन म्हशी. पाऊस झाला तर ज्वारी यायची. दूध असायचं, पण ते नेणार कुठं, आणि नेईपर्यंत नासलं तर? खवा केला की तो दोन दिवस टिकतो. पाटीत घालून, फडक्यानं बांधून एसटीत चढवला की बार्शीला जातो, सोलापूरला जातो. म्हणून आम्ही एक कढई मांडली. मग दुसरी, मग चार झाल्या. आसपासच्या वस्त्यांवरचं दूध आमच्याकडे यायला लागलं. दूध चांगलं की पाणी घातलेलं, हे आम्ही यंत्रानं बघत नाही. थोडं दूध वेगळं आटवतो आणि खव्याचा उतारा किती पडतो ते बघतो. उताऱ्यावर भाव. त्यात कुणाची कुरकुर चालत नाही, कारण कढई सगळ्यांच्या समोर असते.

खव्यावर आमच्या भागाचं बरं झालं, हे कुणी नाकारू नये. खव्यावर लेक शिकली. पत्रे जाऊन स्लॅब आला, घरात संडास आला, पिण्याच्या पाण्याला फिल्टर आला. एकदा शहरातून दोन मुली आल्या होत्या, प्रदूषणाचं विचारायला. वहीत लिहून घेत होत्या आणि लिहिता लिहिता साखर घालून वाटीभर गरम खवा खात होत्या. खाऊ द्या, माझी ना नाही. त्यांनी विचारलं, झाडं तोडताना वाईट वाटलं का? मी नाही म्हणाले. एकीनं ते दोनदा विचारलं, बहुतेक तिला दुसरं उत्तर हवं होतं.

पण खरंच नव्हतं वाटलं. कढईखाली जाळ एकसारखा लागतो. आधी बांधावरच्या बाभळी गेल्या, मग कडुलिंब. विहिरीवर आमचा एक दांडगा लिंब होता. तो कोणत्या वर्षी गेला ते मला सांगता येत नाही. आमचे हे म्हणतात, गोठा वाढवला त्या वर्षी. मला वाटतं, लेक बारावीला होती तेव्हा. एवढं मोठं झाड, आणि दोघांनाही वर्ष आठवत नाही. भूमहून परंड्याकडे जाताना पूर्वी रस्त्याला सावली असायची. आता उन्हाळ्यात एसटीची वाट बघणारी माणसं विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागं एक रांगेनं उभी असतात, खांब जेवढा रुंद तेवढीच सावली.

आता जळण लांबून येतं, ट्रॅक्टरनं. लांबून येतं म्हणून महाग पडतं, महाग म्हणून जपून जाळायचं. आणि जपून जाळायचं तर धुराडं बुटकं ठेवावं लागतं. उंच धुराडं ओढ घेतं, जाळ पळतो आणि लाकूड बघता बघता संपतं. बुटकं ठेवलं की लाकूड पुरतं आणि धूर घरात येतो. धंदा वाढला म्हणून झाडं गेली आणि झाडं गेली म्हणून धूर घरात आला. याच्यावर मोठमोठी माणसं भाषणं करतात म्हणे. आमच्याकडे यावं, मी जिन्यात उभी राहून बोटानं दाखवते.

सासूबाई जन्मभर खोकल्या. त्यांच्या वेळी भट्टी नव्हती, चूल होती. त्याला आम्ही ढास म्हणायचो आणि गूळ-सुंठ द्यायचो. डॉक्टरकडे नेण्याची ऐपतच नव्हती, त्यामुळे ढासेचं दुसरं नाव घरात कुणाला कळलं नाही. लेकीच्या वेळी भट्टी चालली होती. तिला दम लागला तसं बार्शीला नेता आलं, आणि तिथं कळलं की हिला धूर सोसत नाही. म्हणजे भट्टीनंच तिचा दम काढला आणि दमाचं नाव विचारायला पैसेही भट्टीनंच दिले. यात दोष कुणाला द्यायचा ते मला अजून कळलेलं नाही. फार शोधत बसले आहे असंही नाही.

तर लेकीचा फोन आल्यावर मी ह्यांना म्हणाले, "धुराडं वाढवा."

"जळण किती जाईल ठावं हाय का?"

"ठावं हाय. लेक येणार हाय."

ह्यांनी परंड्याहून दोन पाईप आणले आणि एकावर एक चढवले. लेक फोनवर म्हणत होती की वाफेवरचं यंत्र घ्या, त्यात धूर आत येत नाही. हे एका ठिकाणी जाऊन यंत्र बघूनही आले. त्या यंत्राला दूध आमच्या दुप्पट लागतं आणि वाफ करायला पुन्हा लाकूडच. शिवाय सोलापूरचा व्यापारी म्हणाला, यंत्राचा खवा पांढराफटक पडतो, पेढेवाल्यांना जाळावरचा रंग लागतो. रंग म्हणजे काय, तर थोडा धूर आणि थोडी करप. लोकांना तीच चव आवडते. मग यंत्राचं तिथंच राहिलं.

भाद्रपदात गणपती उठल्यावर लेक आली. मी वरच्या खोलीत नवी गादी टाकली होती, खिडकीला पडदा लावला होता. उंच धुराड्यातून धूर वरच्या वर जात होता. लेक सकाळी गच्चीत बसायची, ऊन खायची, कधी मेथी निवडायची, कधी नुसतीच पोटावर हात ठेवून माझ्याशी बोलायची. मी कढईवरून मधे मधे वर जायचे. त्या आठ-दहा दिवसांत मी सुखात होते. हे मुद्दाम लिहिते, कारण एरवी मला विचारलं तर मी सांगणार नाही.

मग नवरात्र तोंडावर आलं. आमच्याकडे दसरा-दिवाळीत खव्याला जेवढी मागणी असते तेवढी उरलेल्या वर्षात मिळून नसते. त्यातच जळणाची ट्रॉली आली नाही. आज येतो, उद्या येतो, असं चाललं होतं. एका सकाळी मी अंगणात आले तर धुराड्याचा वरचा पाईप जागेवर नव्हता. गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेला होता. हे माझ्याकडे न बघता जाळ सारत होते. मी पाईपकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, मग वर जाऊन लेकीची खिडकी लावून घेतली आणि कढईवर येऊन उभी राहिले. ट्रॉली येईपर्यंतच तर आहे, असं स्वतःशी म्हणाले. ह्यांनीही तसंच म्हटलं असणार.

चौथ्या दिवशी दुपारी लेक जिन्यात बसलेली सापडली. कठड्याला धरून बसली होती, खांदे वरखाली होत होते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. जीप करून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. तिथं तिला मशीननं वाफ दिली. डॉक्टर तरुण होता, ओरडला वगैरे नाही. म्हणाला, "यांना धुरात ठेवू नका. बाळाला हवा यांच्याच छातीतून जाते." एवढंच बोलला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

घरी आल्यावर ह्यांनी चारही कढया पालथ्या घातल्या. भर हंगामात. "बाळंतपण होईस्तवर बंद," म्हणाले. मी त्यांना बंद करा असं म्हटलं नव्हतं. ते का केलं हेही विचारलं नाही. पाईपाचा विषय आमच्यात आजतागायत निघालेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्या बाया आल्या. निरोप सगळ्यांना पोचला नव्हता. वस्तीवरची एक बाई, नवरा गेल्यावर दोन म्हशींवर घर चालवते, ती किटली खाली ठेवून उभी राहिली.

"काकू, म्या दूध कुठं घालू आता? डेअरीवाला फॅट कमी म्हणून पैसं कापतोय."

"पोरीला धूर सोसंना," मी म्हणाले.

"व्हय, ऐकलं म्या. पोरीचं बघा तुमी आधी," ती म्हणाली. पण गेली नाही. तशीच उभी राहिली. मलाही तिला जा म्हणवेना. शेवटी तिनंच किटली उचलली आणि आमच्या उगवतीला माझ्या चुलत दिराची भट्टी आहे, तिकडे गेली. तिच्यामागं बाकीच्याही गेल्या.

दिरानं दोन कढया वाढवल्या. एवढं दूध आल्यावर त्याला त्या वाढवाव्याच लागल्या. पावसाळ्यात वारा मावळतीकडून असतो, तेव्हा त्याचा धूर पलीकडे रानात जायचा. पाऊस संपला की वारा उगवतीकडून येतो. सकाळी थंडीनं धूर वर चढत नाही, पत्र्यांवर बसून राहतो आणि मग सावकाश आमच्या घरात शिरतो. चार दिवसांत खोलीत पहिल्यासारखाच वास भरला. पडद्याला बोट लावलं तर काजळी यायची. आमची भट्टी थंड होती आणि धूर तोच होता.

मी दिराकडे गेले. तो कढईवरच होता, घामाघूम झालेला.

"थोडे दिवस कमी करता का?" मी विचारलं.

"वहिनी, दूध थांबतंय का? म्या न्हाय घेतलं तर खालच्या आळीतला घेईल. त्यो बी उगवतीलाच हाय." मग उलथणं खाली न ठेवताच म्हणाला, "माझ्या मनात काय न्हाय हो वहिनी."

त्याच्या मनात काही नव्हतं हे मला ठाऊक होतं. संध्याकाळी त्याच्या बायकोनं गरोदर पोरीसाठी म्हणून वाटीभर ताजा खवा पाठवला. लेकीनं तो खाल्ला. चांगला झाला होता, आमच्यापेक्षा किंचित जास्त आटवलेला.

बंद ठेवून नऊ दिवस झाले होते. दिवे लागायच्या वेळी आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. लेक म्हणाली, "आप्पा, आपली पेटवा."

ह्यांनी पायाशी पडलेली काटकी उचलून अंगणात टाकली.

"धूर तर तोच येतोय. निदान हंगाम तरी हातचा जाऊ देऊ नका. मी जाते धाराशिवला, तिथं सासूबाई आहेत, दवाखाना जवळ आहे." ती अगदी शांतपणे बोलत होती, घरात लाईट गेली की मेणबत्ती कुठं आहे ते सांगावं तसं.

"पहिलं बाळंतपण माहेरीच असतं," मी म्हणाले.

"असतं गं," ती म्हणाली. मग मला वाटलं ती अजून काही म्हणेल, किंवा मी म्हणेन. थोड्या वेळानं हे उठून आत गेले आणि फोनवर बोलायला लागले. आधी जावयांना फोन केला. मग वस्तीवरच्या दूधवाल्यांना एकेक करून.

सकाळी जावई गाडी घेऊन आले. मी लेकीची ओटी भरली, डब्यात डिंकाचे लाडू दिले. ती गाडीत बसते न बसते तोच पहिल्या किटल्या दारात उतरल्या. वस्तीवरची ती बाई गाडीजवळ गेली, तिनं खिडकीतून लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. ह्यांनी तोवर जाळ घातला होता. लेकीनं काच वर घेतली. गाडी वळेपर्यंत मी दारात उभी होते. मग पदर खोचला आणि दूध ओतलं, कारण दूध उन्हात ठेवून चालत नाही.

मार्गशीर्षात तिला मुलगी झाली. मी एसटीनं धाराशिवला गेले. आमच्याच खव्याचे पेढे नेले होते. मुलगी झाली म्हणून बर्फी न्यायची पद्धत, पण मला पेढे न्यायचे होते. विहीणबाईंनी दवाखान्यात सगळ्यांना वाटले आणि म्हणाल्या, "भट्टीचा खवा तो भट्टीचा खवा. आमच्याकडं मिळत नाही असला." मी नातीला मांडीवर घेतलं. डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या, श्वास मोकळा. नर्सला विचारून खात्री करून घेतली, तिची छाती चांगली आहे. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आजीला काय वाटतंय म्हणून. मी नातीचं दुपटं सारखं केलं. चार दिवस राहिले, लेकीचं अंग चोळलं, बाळाला न्हाऊ घातलं आणि परत आले. इकडे लग्नांच्या खव्याच्या मोठ्या ऑर्डरी निघायच्या होत्या.

सव्वा महिना झाल्यावर मी फोन केला, "घेऊन येऊ का तुमाला दोघींना?"

"थंडी जाऊ दे," ती म्हणाली.

दर आठवड्याला विचारत होते. वरची खोली मी पुसून ठेवली होती, पडदा धुतला होता. बाळंतपण नाही तर नाही, पण लेक-नात महिनाभर माझ्याजवळ राहाव्यात, एवढं अजून धरून होते. शेजारच्या बाया विचारायच्या, कवा आणताय. मी म्हणायचे, थंडी जाऊ द्या.

थंडी गेली. माघ संपत आला तेव्हा तिचा फोन आला. मी कढईवर होते, फोन खांदा आणि कानाच्या मधे धरला.

"आई, खरं सांग," ती म्हणाली. "आम्ही आलो तर महिनाभर भट्टी बंद ठेवशील? काकांशी मी बोलते. तेही तेवढे दिवस कमी करतील. वारापण आता फिरेल." तिनं सगळा विचार करून ठेवला होता. वारा कधी फिरतो हेही तिच्या लक्षात होतं.

मी उलथणं हलवत राहिले. दूध दाटत आलं होतं, त्या वेळी हात थांबवला तर तळाला लागतं. मला नाही म्हणायचं नव्हतं आणि हो म्हणायलाही तोंड उघडेना.

"लग्नसराई आलीय," मी म्हणाले.

पलीकडे नात काहीतरी आवाज करत होती. लेकीनं तिला चुचकारलं. मग म्हणाली, "बरं. मग राहू दे आई. आम्ही न्हाय येत. तूच येत जा, तुला जमेल तसं."

"बरं," मी म्हणाले.

फोन ठेवला. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. लेक गेल्यापासून इतक्या महिन्यांत मला काहीच जाणवत नव्हतं, आणि त्या दिवशी, कढईवर उभी असताना, पहिल्यांदा काहीतरी जाणवलं. आता ती पुन्हा विचारणार नाही, म्हणून मला हायसं वाटलं होतं.